मोटारीच्या पायाला लावलेले गंध

सर्व विद्यांची जी माता ती शारदा, आणि ज्याच्यावाचून हातोडीचा एक घावही नीट बसत नाही तो विश्वकर्मा, या दोघांच्या चरणी मस्तक ठेवून मी हे लिहावयास बसलो आहे. उद्या खंडेनवमी. इथे बेंगळुरूत तिला आयुधपूजा म्हणतात. खाली मल्लेश्वरमच्या रस्त्यावर कोहळ्यांचे ढीग पडले आहेत, केळीचे खुंट विकावयास आले आहेत, आणि रिक्षावाले आतापासूनच आपल्या रिक्षा धुऊन पुसून उभ्या करीत आहेत. माझी सहाण आणि चंदनाचे खोड मीही धुऊन ठेवले आहे. परंतु उद्या पूजेस बसण्यापूर्वी मनातील एक गोष्ट कागदावर उतरवणे मला आवश्यक वाटते, कारण तिच्याविषयीचा माझा क्रोध वर्ष उलटत आले तरी शमलेला नाही. क्रोध हा शत्रू आहे असे मी आयुष्यभर मुलांना शिकवत आलो. या एका प्रसंगी मात्र त्याला घराबाहेर काढावे असे मला अजून वाटलेले नाही.

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाचा येलहंक्याच्या पलीकडे कारखाना आहे. हॉटेलांच्या स्वयंपाकघरांत इडली-डोशाचे पीठ वाटण्याची मोठी यंत्रे तिथे बनतात. दगड, पिंप, सांगाडा हे सारे तिथेच घडते. यंत्र फिरवणारी विजेची मोटार मात्र बाहेरून विकत घ्यावी लागते. कारखाना उभा राहिला त्या वर्षापासून आयुधपूजेस तिथे मी जातो. मी काही व्यवसायाने पुरोहित नव्हे. पाठशाळेत शिकलो, पुढे शाळेत संस्कृत शिकवले. पण भाच्याचा आग्रह असे, “मामा, दुसऱ्या कोणाचे मंत्र मला पटत नाहीत. तुम्ही प्रत्येक शब्द पूर्ण म्हणता.”

गेल्या वर्षीची पूजा मला बारकाव्यानिशी आठवते. यंत्रांची पूजा झाली, कोहळा फुटला, आणि मी हात धुण्यास निघालो तेव्हा भांडाराच्या दाराशी एक बाई उभी होती. ती भांडारप्रमुख. निपाणीकडची, वयाने माझ्या मुलीएवढी. पण सारा कारखाना तिला अक्का म्हणे, म्हणून मीही अक्काच म्हणत असे.

“अण्णा,” ती म्हणाली, “बाहेरच्या यंत्रांना हार, कुंकू, सगळं. माझ्या मोटारींनी काय पाप केलंय? त्यांनाबी लावा की.”

“लावतो. त्यांच्यावाचून यंत्र फिरणार कसे?”

“तेच तर! मालकांना सांगा एकदा. त्यांना वाटतंय यंत्र त्यांच्या फोनवर फिरतंय.”

सारे हसले. भाचाही हसला. आम्ही भांडारात गेलो. गंधाचे तबक खरेदीप्रमुखाने स्वतः हातात घेतले. हा गृहस्थ मला त्या कारखान्यातील सर्वांत धार्मिक मनुष्य वाटे. कपाळी ठसठशीत टिळा, शनिवारचा उपवास, आणि मी दिसताच वाकून दोन्ही पायांना स्पर्श. त्या दिवशी तो अनवाणी माझ्यामागून तबक धरून चालला होता.

माझ्या गुरूंनी मला शिकवले होते की पूजन चरणांपासून करावे. म्हणून खोक्यांतून काढून मांडलेल्या त्या निळ्या मोटारींच्या माथ्यावर मी काही लावले नाही. प्रत्येकीचा जो लोखंडी पाया असतो, जिथून ती यंत्राला आवळतात, तिथे आतल्या अंगाला अनामिकेने गंध लावले: एक चंद्रकोर, खाली बिंदू, आणि वर एक अक्षता. माझ्या गंधात चंदनाबरोबर केशर असते. वाळले की ते धरून बसते. तबक धरणाऱ्याने हे सारे अगदी जवळून पाहिले. शेवटच्या मोटारीला गंध लावून झाले तेव्हा त्याने तिलाही नमस्कार केला.

कार्तिकात भाच्याने मला पुन्हा बोलावले. नव्या धर्तीचे पहिले मोठे यंत्र म्हैसूरकडे रवाना व्हायचे होते. ट्रकमध्ये चढण्यापूर्वी नारळ फोडायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचे, एवढेच काम. तशी तिथली रीत आहे. पूजेवाचून हमाल पहिल्या यंत्राला हात लावत नाहीत. ट्रकचालक घाईत होता. “स्वामी, स्वल्प बेग,” म्हणजे जरा लवकर, असे त्याने दोनदा मला विनवले. यंत्रात मोटार बसवायची तेवढी राहिली होती. एका कामगाराने नवे कोरे खोके फोडले, थर्मोकोल काढला, आणि मोटार पाया वर करून माझ्यासमोरच बाकावर ठेवली.

त्या पायावर माझे गंध होते.

चंद्रकोर होती, बिंदू होता. अक्षता गळून गेली होती, पण ती जिथे चिकटली होती तिथे तांदळाएवढी मोकळी जागा शिल्लक होती.

मी भाच्याला विचारले, “ही मोटार कधी आली?”

“परवा, मामा. एकदम ताजा माल.”

“ताज्या मालाला माझे गंध कसे?”

तो हसला. “मामा, आयुधपूजा अख्खं बेंगळुरू करतं. सप्लायरच्या गोडाऊनमध्येही कोणीतरी लावलं असेल.”

“केशर घातलेले? पायाच्या आतल्या अंगाला? अनामिकेने?”

“आता बोटाचं कसं ओळखणार हो...” असे म्हणत त्याने मोटार हाती घेतली, आणि त्याचे हसू उतरले. “पण हिच्यावर तर नंबरची नवी पट्टी आहे,” तो स्वतःशीच पुटपुटला.

“दुसरे खोके उघड,” मी कामगाराला म्हणालो. त्याने उघडले. मग तिसरे. परवा आलेल्या त्या ‘ताज्या’ खोक्यांतली एकही मोटार अशी निघाली नाही, जिला मी स्वतः नवमीस पुजले नव्हते.

इतक्यात मला आठवले की मी आल्यापासून अक्का दिसलेली नाही. एरवी मी फाटकातून आत शिरलो की तिचा आवाज प्रथम ऐकू येई.

“अक्का कुठे आहे?”

भाचा मान फिरवून म्हणाला, “तिला घरी बसवलंय, मामा. स्टॉक कमी निघाला. कागदावर आहेत तेवढ्या मोटारी भांडारात नाहीत. चौकशी होईपर्यंत येऊ नको म्हटलंय.”

“तिचे म्हणणे काय?”

“म्हणते, सदोष आहेत म्हणून खरेदीवाल्या साहेबांनी परत पाठवायला मागून नेल्या, बदली येतील म्हणाले, कागद नंतर देतो म्हणाले. साहेब म्हणतात, मी असं कधी बोललोच नाही. आता मामा, एवढा भाविक माणूस आणि...” तो थांबला. त्याची दृष्टी बाकावरच्या मोटारीकडे गेली होती.

मला कारखान्याच्या व्यवहारातले कळत नाही. पण त्या क्षणी हे कळण्यासाठी तर्कशास्त्र लागत नव्हते. मोटारी सदोष म्हणून मागल्या दाराने बाहेर गेल्या, पट्टी आणि खोके बदलून पुढल्या दाराने नव्या म्हणून आत आल्या, आणि भाच्याने आपल्याच मोटारी पुन्हा एकदा विकत घेतल्या. कमी पडल्या त्यांचा डाग मात्र तोंडी शब्दावर विश्वास ठेवणाऱ्या बाईच्या कपाळी बसला.

खरेदीप्रमुखास बोलावण्यात आले. तो आला, आणि नेहमीप्रमाणे माझ्या पायांशी वाकला. मी पाय मागे घेतले. आयुष्यात नमस्कार करणाऱ्यापासून मी प्रथमच पाय मागे घेतले असतील. त्याची बोटे फरशीला लागली. त्याने वर पाहिले, मग बाकावर मांडलेल्या मोटारी पाहिल्या, आणि तो तिथेच खाली बसला.

“हे गंध तुम्ही ओळखता?” मी विचारले.

“ओळखतो, गुरुजी.”

“पट्टी बदललीत, खोके बदललेत. मग हे का राहू दिलेत? ओल्या फडक्याने निघाले असते.”

त्यावर डोळ्यांत पाणी आणून तो म्हणाला, “माझ्या माणसांनी फडकं घेतलं होतं, गुरुजी. मीच अडवलं. तुमच्या हातचं, नवमीचं गंध. ते पुसायला मन धजेना. पाप लागलं असतं.”

आणि असे म्हणून त्याने माझ्याकडे अशा दृष्टीने पाहिले, जणू मी त्याची पाठ थोपटणार होतो!

मी पुष्कळ पापी माणसे पाहिली आहेत. चोरी करणारा बहुधा देवाला विसरून चोरी करतो. त्याला देव आठवला की लाज वाटते. हा मनुष्य देवाला बरोबर घेऊन चोरी करीत होता. चंदनाचा ठिपका पुसण्याचे त्याला भय वाटले, आणि एका निरपराध बाईचे नाव पुसण्याचे वाटले नाही! देव म्हणजे फाटकावरचा पहारेकरी, त्याला सलाम केला की आत काय नेतो-आणतो हे तो विचारीत नाही, अशी त्याची समजूत. मी जे काही आवाज चढवून बोललो ते सर्व इथे लिहीत नाही, लिहिण्याजोगे नव्हते. एक वाक्य मात्र लिहितो. “तुम्ही ते गंध पुसले असते,” मी म्हणालो, “तर देवाने तुम्हांला क्षमा केली असती. न पुसून तुम्ही त्याला साक्षीदार केलेत.”

भाचा मला बाजूला घेऊन गेला. आता तो घाबरला होता, पण भलत्याच गोष्टीला.

“मामा, शांत व्हा. बीपी वाढेल. मी त्याचा राजीनामा घेतो. गाजावाजा नको. बँकेत कळलं, गिऱ्हाइकांना कळलं तर माझीच अब्रू जाईल.”

“आणि अक्का?”

“तिला फोन करतो ना. उद्यापासून ये म्हणतो. विषय संपला.”

“तिला घरी बसवलेस ते कसे? फोन करून?”

उत्तर त्या खोके फोडणाऱ्या कामगाराने दिले, आणि मान खाली घालून दिले. जेवणाच्या सुटीत, सर्वांसमक्ष, फाटकापाशी अक्काची पिशवी उलटी करण्यात आली होती. मोटार पिशवीत मावत नाही हे लहान मुलासही समजेल. तरी पिशवी उलटी केली. डबा, छत्री, देवळातला प्रसाद, नीट घडी घातलेले एक जुने फडके, सारे जमिनीवर. आणि पिशवी स्वतःच्या हाताने उलटी करणारा होता तोच टिळाधारी.

तेव्हा मी हातातला नारळ पुन्हा तबकात ठेवला.

“अरे,” मी भाच्याला म्हणालो, “ज्या जागी तिची पिशवी उलटी झाली, त्या जागी, त्याच लोकांसमोर, तुझ्या तोंडून ती निर्दोष ठरेपर्यंत हे यंत्र मी पुजणार नाही.”

“मामा, ट्रक उभा आहे!”

“उभा राहू दे.”

“अहो, हे तुम्ही माझ्यावर प्रेशर आणताय.”

“होय.”

हमाल यंत्रापासून दोन हात मागे सरकले. चालकाने एकदा आमच्याकडे पाहिले, “सरी,” म्हणजे बरे, असे म्हणाला, आणि केबिनचे दार उघडून आत आडवा झाला. भाच्याने गाडीची किल्ली काढली. मी त्याच्याबरोबर गेलो, कारण एकटा गेला तर तो वाटेतच एखादा सोपा मार्ग शोधील, हे मी तो पाळण्यात असल्यापासून जाणतो.

अक्काचे घर जुन्या येलहंक्यात, एका गिरणीच्या वर. तिने दार उघडले, मला आत घेतले, भाच्याला उंबऱ्यावरच उभे ठेवले.

“अण्णा, तुम्ही बसा. मालक उभे राहतील, त्यांना सवय आहे फोनवर उभं राहून बोलायची.”

भाच्याने सारे सांगितले. सांगताना तो अडखळला, ही गोष्ट मला बरी वाटली. अक्काने ऐकून घेतले. मग म्हणाली, “म्हंजे मी चोर न्हाई, हे तुम्हांला गंधानं सांगितलं. इतकी वर्षं तुमच्याकडं काम केलं त्ये कमी पडलं?”

भाच्याने उंबऱ्यावरच हात जोडले. खरे सांगायचे तर मलाही जोडावेसे वाटले.

“येते,” ती म्हणाली. “पण पिशवी तीच घेऊन येते.”

जेवणाची सुटी संपून गेली होती, तरी सर्वांना फाटकापाशी बोलावले गेले. भाच्याने तिथे उभे राहून कन्नडमध्ये आणि मराठीत, दोन्हींत, सांगितले की चोरी कोणी केली आणि आळ कोणावर आला. खरेदीप्रमुख भिंतीशी उभा होता. अक्काने पिशवी त्याच्यापुढे धरली. “भरा,” ती म्हणाली. डबा, छत्री, फडके हे सारे तिने बाहेर काढून पायरीवर ठेवले होते. “त्या दिवशी ज्या हातानं उलटी केली, त्याच हातानं भरा.” त्याने भरली. छत्री आधी घातली, तर डबा मावेना. त्याला ती पुन्हा काढावी लागली. कोणी हसले नाही.

मग मी नारळ फोडला.

त्यानंतरच्या दिवसांत भाचा आणि त्याचा हिशेबनीस त्या सप्लायरच्या पत्त्यावर गेले. तिथे एक कुलूपबंद खोली होती, आणि घरमालक होता त्या खरेदीप्रमुखाचा मेहुणा. इतक्या वर्षांत तिथे कोणीच गेले नव्हते! मग एकेक लक्षण आम्हांला उलगडू लागले, आणि प्रत्येकाने माझा संताप वाढवला, कारण त्यांतील एकही लपलेले नव्हते. तो कधी रजा घेत नसे. त्याला आम्ही निष्ठा म्हणत होतो. त्या सप्लायरशी दुसऱ्या कोणाला बोलू देत नसे; त्याला जबाबदारीची जाण म्हणत होतो. दुसऱ्या दुकानाचा भाव विचारला तर दुखावला जाई. आम्ही तो स्वाभिमान समजलो. प्रत्येक वेळी फार घाई असे, कागद नेहमी ‘नंतर’ असत. त्याला आम्ही कार्यतत्परता म्हणत होतो. दुर्गुणाला सद्गुणाचे नाव देणारे आम्हीच होतो. त्याने फक्त ते नाव पांघरले.

भाच्याने मला विचारले, “मामा, आता कोणावर विश्वास ठेवायचा?”

मी म्हणालो, “प्रश्नच चुकीचा आहे.” आणि मला पाठशाळेतला यज्ञमंडप आठवला. यज्ञात मंत्र म्हणणारा एक असतो, आहुती देणारा दुसरा, गाणारा तिसरा. आणि चौथा, ज्याला ब्रह्मा म्हणतात, तो बहुतांशी मौन बसून केवळ पाहतो की कोणाचे कुठे चुकते. तिथे सर्वच विद्वान, सर्वच व्रतस्थ. तरी पाहणारा निराळा ठेवला आहे. ऋषींचा ऋत्विजांवर अविश्वास होता म्हणून नव्हे. कर्म पवित्र आहे, म्हणून ते एका माणसाच्या चांगुलपणावर टांगून ठेवू नये, एवढ्यासाठी. “तुझ्याकडे,” मी म्हणालो, “मंत्र, आहुती आणि पाहणे, तिन्ही एकच मनुष्य करीत होता, आणि वर दक्षिणाही स्वतःच घेत होता.”

आता तिथे भाव ठरवणारा माल उतरवून घेत नाही, उतरवून घेणारा बिल मंजूर करीत नाही, आणि नवा सप्लायर म्हटला की कोणीतरी जाऊन त्याचे दार पाहून येते. अक्काने आपला नियम स्वतःच घातला. तो तिने भाच्यालाच ऐकवला: “तोंडी सांगून मोटार सोडा, खिळाबी मिळणार न्हाई. तुम्ही सांगितलं तरी न्हाई. देवानं सांगितलं, तरी लिहून आणा म्हणीन.”

एक शेवटची गोष्ट. संक्रांतीच्या सुमारास मी भाच्याकडे बसलो असता व्हाइटफील्डमधल्या एका कंपनीतून फोन आला. तोच गृहस्थ तिथे खरेदी खात्यात अर्ज करून गेला होता, आणि त्याचे वर्तन कसे होते असे ते विचारीत होते. भाच्याने फोनवर हात ठेवून मला हळूच म्हटले, “जाऊ दे, मामा. ‘ठीक होते’ म्हणतो. आपली ब्याद गेली ना?” मी म्हणालो, “आपल्या घरातला साप दुसऱ्याच्या अंगणात सोडणे, याला तू ब्याद गेली म्हणतोस?” त्याने माझ्याकडे पाहिले, आणि मग जे घडले होते ते सर्व, सावकाश, सांगितले. त्या दिवशी मी त्याच्याकडचा चहा त्या प्रकरणानंतर पहिल्यांदा चवीने प्यालो.

कार्तिकात त्या दिवशी मल्लेश्वरमला परत आल्यावर पत्नीने विचारले होते, “एवढं कोणावर रागावलात? त्या चोरावर, की त्यानं तुमचं गंध वापरलं म्हणून?” मी अजून नीट उत्तर दिलेले नाही. दोन्हींवर, असे म्हणावे लागेल. माझ्या हातचे गंध एका लबाडाने आपल्या मनाची समजूत घालण्यासाठी जपले, याची चीड मला उद्या सहाणेवर खोड फिरवतानाही येईल.

तरी मी जाणार आहे. सकाळीच अक्काचा फोन आला होता. “अण्णा, उद्या तबक मी धरणार. आणि मोटारींच्या पायाला गंध लावायला विसरू नका हं.”

हे वाचणाऱ्या सज्जनांनो, आपल्या घरी जे शस्त्र, यंत्र, लेखणी वा लाटणे उद्या पुजले जाईल, त्याला हात लावणारे सर्व हात स्वच्छ राहोत. आपल्या घरातील कोणावरही न केलेल्या चोरीचा डाग न येवो. आणि आलाच, तर तो ज्या जागी लागला त्याच जागी धुऊन काढणारे कोणीतरी आपल्या पाठीशी उभे राहो. आपल्या कुटुंबाला अन्न, आरोग्य आणि निर्भय झोप लाभो.

शुभं भवतु.